भार वळतो ती जागा

या. इथे बसा.

जुना टायर आडवा टाकलेला आहे, त्यावर पोतं अंथरलेलं आहे. बसायला एवढं पुरे.

पौषातली सकाळ आहे. वाराणसीच्या नैर्ऋत्येला, मोहनसरायपाशी, महामार्गाच्या कडेला आपण आहोत. धुकं इतकं दाट आहे की रस्ता दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो.

ऐका.

दुरून घरघर येते. मग पायाखालची जमीन किंचित थरथरते. मग ओल्या डांबरावरून टायरांचा लांबलचक आवाज. आणि सगळं पुन्हा मागे सरतं, प्रयागराजच्या दिशेला.

ट्रक गेल्यानंतरची शांतता ऐका. पुढचा ट्रक येईपर्यंत ती आपली आहे.

श्वास घ्या. गार हवा नाकात बोचते. सोडा. तोंडासमोर वाफ होते आणि धुक्यात मिसळते.

आणखी एकदा घ्या. आणखी एकदा सोडा. आज कुठे पोचायचं नाही.

हा रस्ता फार जुना आहे. शेरशाह सूरीनं सोळाव्या शतकात तो नीट करून घेतला. इंग्रजांच्या काळात तो ग्रँड ट्रंक रोड झाला. आज पाटीवर राष्ट्रीय महामार्ग 19 असं लिहिलेलं असतं. त्यावरून बैल गेले, उंट गेले, ओझी घेतलेली माणसं गेली. आता ट्रेलर जातात.

ओझ्याखाली काय असतं, ते आज पाहू. फक्त तेवढंच पाहू.

समोर ट्रेलर उभा आहे. रिकामा. लोखंडी सळया उतरवून रात्री इथे आलेला. त्याला ओढणारा घोडा, म्हणजे इंजिन-केबिनचा पुढचा भाग, सोडून बाजूला लावला आहे. ट्रेलरचा पुढचा भाग स्वतःच्याच दोन लोखंडी पायांवर टेकलेला आहे. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावलेले आहेत.

उठा. मागे या. वाका. आणखी थोडं वाका.

दोन आस आहेत, एकामागे एक. एकेका आसाला चार टायर. मागचा सगळा भार या आठ टायरांवर येतो.

ट्रेलरच्या अशा जोड आसावर किती भार घालायचा, याला कायद्याची मर्यादा आहे. जुलै 2018 मध्ये ती 19 टनांवरून 21 टन झाली.

एकवीस टन.

हा आकडा डोक्यात ठेवू नका. खांद्यांवर ठेवा. थोडा वेळ राहू द्या.

आता उतरवा.

खांदे किती खाली गेले होते, ते कळलं? मानेच्या मुळाशी कुठे तरी काहीतरी आवळलं होतं, ते सैल होताना जाणवलं? तिथे लक्ष राहू द्या. श्वास तिथपर्यंत जाऊ द्या.

मग पुन्हा ट्रेलरखाली पाहा.

आसाच्या वर पाट्यांची चवड आहे. एकाखाली एक, आठ-दहा पोलादी पाटे. सगळ्यांत वरचा सगळ्यांत लांब. त्याखालचा थोडा आखूड. त्याखालचा आणखी आखूड. मधोमध सेंटर बोल्ट आरपार गेलेला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना यू-बोल्टांनी सगळी चवड आसाला आवळून धरलेली आहे.

हात लावा. पोलाद इतकं गार आहे की बोट क्षणभर चिकटल्यासारखं वाटतं.

पाट्यांना बाक आहे. मध्ये खोल, टोकांना उंच. भार आला की हा बाक हळूहळू सपाट होतो. भार गेला की परत येतो.

जेवढा भार, तेवढं वाकणं. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकानंतर चार वर्षांनी, 1678 मध्ये, लंडनच्या रॉबर्ट हुक यांनी हा नियम छापून सांगितला. दुप्पट ओझं, दुप्पट वाक. इथे या चवडीपाशी तो नियम बोटाखाली लागतो.

बोट तिथेच ठेवा. आणि श्वास घ्या.

बरगड्या उघडतात. बरगड्या परत येतात. पुन्हा उघडतात. पुन्हा परत येतात.

परत येणं पाहा. फक्त परत येणं.

पोलादाला हे परत येणं सहज मिळालेलं नसतं. पाटा लालबुंद तापवतात, त्याला बाक देतात, आणि तसाच तेलात बुडवतात. तेव्हा तो कडक होतो, इतका कडक की ठोकला तर तुटेल. म्हणून त्याला पुन्हा ऊब देतात. या वेळी कमी, बेतानं. त्या दुसऱ्या उबेत त्याचा ठिसूळपणा जातो, आणि वाकून परत यायची ताकद उरते.

म्हणून चांगला मिस्त्री पाट्यापाशी गॅसची ज्योत नेत नाही. सपाट झालेला पाटा तापवून पुन्हा वाकवता येतो, तो दिसायला नव्यासारखाही होतो. पण ती बेताची ऊब त्यातून निघून गेलेली असते. असा पाटा भाराखाली बसतो आणि बसलेलाच राहतो.

इथले मिस्त्री वयस्क आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. कानटोपी, जुना स्वेटर, बोटांच्या रेषांत बसलेलं काळं ग्रीस. त्यांच्याबरोबर एक तरुण मदतनीस आहे, त्याला ते बचवा म्हणून हाक मारतात. ड्रायव्हर शेकोटीपाशी उकिडवा बसून कुल्हडमधला चहा पितो आहे.

कुणी फारसं बोलत नाही.

चाचा आधी कशालाही हात लावत नाहीत. ते ट्रेलरभोवती एक फेरी मारतात. टायरांवरून तळवा फिरवतात. एका टायरची आतली कड जास्त झिजलेली आहे, ती त्यांच्या तळव्याला कळते. ते तिथे थांबतात. पुन्हा तळवा फिरवतात.

तुम्हीही फिरवा. बाहेरून आत. कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत, कुठे अचानक कमी.

रबर इथे झिजलं आहे, पण कारण इथे नाही. कारण थोडं वर आहे, थोडं आत.

ते शोधायला घाई करू नका.

जॅक लागतो. मागचा भाग इंच इंच वर येतो. जॅकवर विसंबून कुणी खाली जात नाही. चासीखाली जाड लोखंडी स्टँड लागतात, ट्रेलर त्यांच्यावर उतरतो, चाचा खांद्यानं त्याला एक धक्का देऊन पाहतात. हलत नाही. मग चाकं निघतात.

चाकं निघाल्यावर पहिल्यांदा ती जागा दिसते.

दोन आसांच्या मधोमध पाहा.

चासीतून एक जाड कंस खाली आलेला आहे. त्या कंसात एक आडवा लोखंडी तुकडा आहे, हातभर लांबीचा. तो मध्यावर एका पिनेनं टांगलेला आहे. पुढच्या पाट्याचं मागचं टोक त्याच्या एका बाजूवर टेकतं. मागच्या पाट्याचं पुढचं टोक त्याच्या दुसऱ्या बाजूवर टेकतं. एक टोक वर गेलं की दुसरं खाली जातं.

कारखान्याच्या कागदांत याला इक्वलायझर म्हणतात.

मला या अख्ख्या ट्रेलरमध्ये हा तुकडा सगळ्यांत देखणा वाटतो.

रस्त्यावर उंचवटा येतो. पुढची चाकं त्यावर चढतात. हा तुकडा नसता तर ट्रेलरचा मागचा बराचसा भार त्या क्षणी एकट्या पुढच्या आसावर आला असता. पण पुढचं टोक वर ढकललं जातं, तुकडा मध्यावर फिरतो, दुसरं टोक खाली दाबलं जातं, आणि मागचा आस आपला वाटा उचलतो. क्षणभरानं मागची चाकं उंचवट्यावर येतात. आता पुढचा आस उचलतो.

वर, खाली. खाली, वर.

असं हजारो वेळा. डाफीच्या टोलनाक्यापासून कोलकात्यापर्यंत.

हे आपण ओळखतो. ही कावड आहे.

आपल्याकडे काशीचं नाव निघालं की कावड आपोआप आठवते. एका बांबूच्या दोन टोकांना दोन घागरी, मध्ये माणसाचा खांदा. पैठणच्या एकनाथांची कथा आपण लहानपणी ऐकतो. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची होती, आणि वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडत होतं. नाथ या शहरात राहिले होते. त्यांचं भागवत शके 1495 मध्ये वाराणसीतच पुरं झालं. आणि 1857 च्या धामधुमीतून वाचलेले विष्णुभट गोडसे उत्तरेतून कोकणात वरसईला परतले, ते गंगेची कावड घेऊनच.

कावड डोळ्यांपुढे आणा.

घागरी पाहू नका. बांबू पाहू नका. खांदा पाहा.

बांबू जिथे टेकतो, ती चार बोटांची जागा पाहा. पाऊल पडतं, पुढची घागर खाली येते, मागची वर जाते. पाऊल उचलतं, मागची खाली येते. दोन्ही घागरींचा सगळा भार त्या चार बोटांतून वळतो. खाली तो खांदा स्थिर असतो, म्हणून पाणी हिंदकळत नाही.

त्या जागेला घट्टा पडतो. कातडं आधी लाल होतं, मग सोलतं, मग जाड होतं.

आपला हात आपल्या खांद्यावर ठेवा. मानेपासून चार बोटं बाहेर.

ठेवा. दाबू नका.

तिथे काय आहे? ऊब आहे का? ताठरपणा आहे का? काहीच जाणवत नसेल तर तेही राहू द्या. हाताखाली श्वास येतो का, ते पाहा. येतोच. अगदी थोडा, पण येतो.

इथेच थांबू.

एक ट्रक जातो. धुक्यात दोन पिवळे दिवे येतात, मोठे होतात, विरतात.

अजून इथेच.

आता हात खाली घ्या. ट्रेलरपाशी परत या.

ट्रेलरचा खांदा म्हणजे इक्वलायझरच्या मध्यातलं बुश. पिन पोलादाची, बाहेरचा तुकडा पोलादाचा, आणि दोघांच्या मध्ये ही गोल नळी. फिरण्याचं सगळं घासणं तिनं आपल्यावर घ्यायचं, म्हणजे पिन राहते, तुकडा राहतो. ती झिजण्यासाठीच तिथे असते.

चाचा पहार मागतात. पहारेचं टोक ते कंस आणि इक्वलायझर यांच्या फटीत घालतात. मदतनीस रेडिओ बंद करतो. ड्रायव्हर कुल्हड खाली ठेवतो.

ऐका.

चाचा पहार हलकेच वर उचलतात.

खट्.

खाली सोडतात.

खट्.

एवढाच आवाज. कोरडा, आखूड. लोखंडावर लोखंड.

नवं बुश असतं तर आवाज आला नसता. पहार उचलली असती आणि सगळं एकदम, मुकाट्यानं, तटून राहिलं असतं. ही जी फट बोलते आहे, ती आधी केसाएवढी असते. ग्रीस पोचत नाही, धूळ पोचते. पाणी पोचतं. केसाची फट नखाएवढी होते. मग पिन आपल्या भोकात नाचायला लागते, आणि गोल भोक लांबट होत जातं. इक्वलायझर तिरपा पडतो. आस किंचित मागे सरकतो, एका बाजूनं, अगदी थोडा. मग ट्रेलर सरळ रस्त्यावर तिरका चालतो आणि टायरची आतली कड खातो.

तळव्याला जे कळलं होतं, त्याचं कारण हे.

“सुना?” चाचा विचारतात.

मदतनीस मान हलवतो.

आपणही ऐकलं.

तुमच्यात आत्ता कुठे अशी फट बोलते आहे का, ते ऐका. गुडघ्यात असेल, पाठीत असेल. एखाद्या नात्यात असेल, जिथे रोज थोडं थोडं घासतं. तिला नाव देऊ नका. दुरुस्त करायला धावू नका. पहार हलकेच उचला, हलकेच सोडा. आवाज ऐका.

श्वास घ्या.

सोडा.

आता काम सुरू होतं.

गंजलेले यू-बोल्टांचे नट पान्याला बधत नाहीत. पान्याला लांब पाईप लावून मदतनीस जोर देतो, एक नट नुसताच कुरकुरतो. बोल्ट तसेही पुन्हा वापरायचे नाहीत. एकदा ताणून बसलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तीच पकड देत नाही. म्हणून ते गॅसनं कापतात, ज्योत पाट्यापासून दूर ठेवून, मध्ये पत्रा धरून. निळी ज्योत धुक्यात फार स्वच्छ दिसते. ठिणग्या ओल्या मातीत पडून विझतात.

डावीकडची चवड खाली येते. तिचे पाटे मोकळे होतात, आणि मातीवर ओळीनं मांडले जातात.

तिसरा पाटा तुटलेला आहे.

तो बाहेरून दिसत नव्हता. वरच्या-खालच्या पाट्यांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवलं होतं. सेंटर बोल्टच्या भोकापाशी तो आरपार गेलेला आहे.

त्याचा एक तुकडा हातात घ्या. जड आहे. दोन्ही हात लावा.

तुटलेलं तोंड प्रकाशाकडे करा.

त्यात दोन रंग आहेत. एका कडेला काळसर, गंजलेला, गुळगुळीत भाग. त्यावर बारीक वाकड्या रेषा, एकापुढे एक. उरलेला भाग करडा, खडबडीत, दाणेदार.

गुळगुळीत भाग जुना आहे. चीर कधी तरी भोकाच्या कडेला सुरू झाली, केसाहून बारीक. प्रत्येक खड्ड्याला ती थोडी पुढे गेली, थांबली, पुन्हा थोडी पुढे गेली. रेषा त्या थांबण्याच्या आहेत. आणि दाणेदार भाग एका क्षणातला. उरलेलं पोलाद भाराला कमी पडलं, आणि गेलं.

या तोंडाकडे बघत राहा.

गुळगुळीत भागावरून अंगठा फिरवा. सावकाश. मग अंगठा दाणेदार भागावर जाऊ द्या.

किती काळ तो चिरलेला असून चालत होता.

त्याच्या वरच्यानं आणि खालच्यानं त्याचा वाटा उचलला होता.

तुकडा खाली ठेवा. हळू. आवाज न करता.

इथून काही मैलांवर गंगा आहे. या शहरापाशी ती उत्तरेकडे वाहते. तिच्या काठी, मणिकर्णिकेच्या शेजारी, बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास एक घाट बांधला. दगड उत्तम होता, बांधणी थोर होती. पण तो भार काठाच्या मऊ मातीला पेलला नाही, आणि घाट खचला. पुढे विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. त्याच्या पायाशी रत्नेश्वराचं देऊळ आजही एका बाजूला कललेलं उभं आहे. कधी गेलात तर तिथे पायरीवर बसून पाहा, त्या दगडाला भार कुठेच वळवता येत नाही. तो खालीच जातो.

इथे, पोलादात, वळायला एक जागा ठेवलेली आहे.

त्या जागेकडे परत येऊ.

बुश बाहेर काढायचं आहे. चाचा पाईपचा एक तुकडा त्यावर बसवतात आणि हातोडा मारतात. एक. दोन. थांबतात. तेल सोडतात. तेल आत जाऊ देतात.

या थांबण्यात आपणही थांबू.

तेल दिसत नाही, पण ते जातं आहे. गंजाच्या कणाकणातून, स्वतःच्या चालीनं. आपण काही करायचं नाही. फक्त इथे असायचं.

श्वास आत. श्वास बाहेर.

पुन्हा हातोडा. या वेळी आवाज बदललेला आहे. आधी बंद होता, आता मोकळा आहे. बुश सरकतं, आणि मातीत पडतं.

उचलून पाहा. एका बाजूला भिंत मूळ जाडीची आहे. दुसऱ्या बाजूला ती कागदासारखी पातळ झालेली, एके ठिकाणी नाहीच.

नाही तिथून बोट आरपार जातं.

पिनेवरही खोबण पडली आहे. पिनही बदलेल. आणि उजव्या बाजूचं बुश अजून बरं असलं तरी तेही बदलेल. त्याच आसावरची उजवी चवडही बदलेल. एकीकडे नवा पाटा आणि दुसरीकडे थकलेला, असं चालत नाही. ट्रेलर नव्याकडून थकलेल्याकडे कलत राहतो. ड्रायव्हर खर्चाचा हिशेब करतो, गप्प राहतो, आणि हो म्हणतो. मला त्याचं ते हो म्हणणं फार मोलाचं वाटतं. त्याच्या मागून या धुक्यात मोटारसायकलवरून कुणी तरी येणार असतं.

नवं बुश कागदातून निघतं. स्वच्छ. बोटाला थोडं तेलकट. चाचा इक्वलायझरमधली जागा आधी चिंधीनं पुसतात, मग बोटानं, मग पुन्हा चिंधीनं. बोट गोल फिरतं. कुठे कण राहिला का, ते बोट विचारतं.

“धीरे, बचवा.”

बुश सरळ बसलं पाहिजे. तिरकं ठोकलं तर बसतं खरं, पण पहिल्याच फेरीत फुटतं. मदतनीस हलके ठोके देतो, चारी बाजूंनी, फिरवत फिरवत. ते आपल्या जागी जातं.

पिन जाते. ग्रीसची नळी निप्पलला लागते. दांडा दाबला जातो. एकदा, दोनदा. मग कडेनं नवं ग्रीस बाहेर येतं, सगळीकडून सारखं. म्हणजे आत सगळीकडे पोचलं.

आता पाटे बसायच्या आधी, इक्वलायझर एकटा टांगलेला असताना, चाचा त्याच्या एका टोकावर तळवा ठेवतात.

आणि दाबतात.

टोक खाली जातं. दुसरं वर येतं. आवाज नाही.

सोडतात. तो परत येतो, थोडा पलीकडे जातो, पुन्हा येतो, थांबतो.

तुम्हीही तळवा ठेवा.

दाबा. सोडा.

जड आहे, आणि तरी हलकं फिरतं. हे दोन्ही एकाच वेळी तळव्यात येतं. ते तसंच राहू द्या. एकाची निवड करू नका.

पुन्हा दाबा. श्वास बाहेर.

पुन्हा सोडा. श्वास आत.

तुमच्या खांद्यावरच्या त्या चार बोटांच्या जागेत आता काय आहे, ते एकदा पाहून घ्या. पाहिलं की पुरे.

नव्या चवडी चढतात. नवे यू-बोल्ट आसाभोवती येतात. आसाला पुढे-मागे धरून ठेवणारे टॉर्क रॉड जोडले जातात, त्यांच्या टोकांची रबरी बुशंही नवी. चाकं लागतात, स्टँड निघतात, ट्रेलर जमिनीवर उतरतो. पाटे किंचित दबतात. आता, भार आल्यावर, यू-बोल्टांचे नट शेवटचे आवळायचे. एक इकडचा, मग समोरचा तिरका, मग दुसरा, मग त्याच्या समोरचा. एकच नट शेवटपर्यंत कधी आवळायचा नाही. चौघांना बरोबरीनं, थोडं थोडं.

मग टेप.

मदतनीस ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली जातो आणि किंगपिनच्या मध्यावर टेपचं टोक धरतो. किंगपिन म्हणजे ट्रेलर ज्या एका खुंटीनं घोड्याला जोडला जातो, ती. चाचा टेप ओढत मागे येतात. पुढच्या आसाच्या डाव्या टोकापर्यंत. टेप ताणतात. श्वास रोखतात. वाचतात.

मग उजव्या टोकापर्यंत. टेप ताणतात. वाचतात.

डावं आणि उजवं अंतर सारखं यायला हवं. एवढ्या लांबीत फार तर 3 मिलिमीटरचा फरक चालतो. नंतर दोन आसांमधलं अंतर, डावीकडून, उजवीकडून. तिथे तर तेवढाही नको.

फरक आहे. थोडा. टॉर्क रॉडचा एक पेच अर्धा फेरा फिरतो. पुन्हा टेप. पुन्हा ताण. पुन्हा वाचणं.

त्यांच्याबरोबर वाट पाहा.

अजून थोडा फरक आहे. पाव फेरा.

पुन्हा टेप.

चाचा काही बोलत नाहीत. टेप सोडतात, आणि ती सरसरत आपल्या डबीत जाते.

धुकं थोडं वर सरलं आहे. रस्त्याची पांढरी कड दिसते आहे. त्यापलीकडे मोहरीचं शेत, अजून फिकं. घोडा मागे येतो, ट्रेलरखाली शिरतो, किंगपिन कडकडून जागी बसते. लोखंडी पाय वर घेतले जातात.

चाचा पांढऱ्या रंगाचा डबा आणि एक बारीक ब्रश घेतात. दोन आसांच्या चार टोकांना मिळून आठ यू-बोल्ट, सोळा नट. एकेका नटावरून खालच्या लोखंडापर्यंत ते एक सरळ रेघ ओढतात. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. नवे पाटे पहिल्या भाराखाली आणखी दबतात, चवड बसते, पकड सैल होते. म्हणून पहिली भरलेली फेरी झाली की सगळे नट पुन्हा आवळायचेच. आणि तोवर, प्रत्येक थांब्यावर, रेघा पाहायच्या.

“डाफी पर देखना. मोहनिया में देखना. औरंगाबाद में देखना,” चाचा ड्रायव्हरला सांगतात. हे औरंगाबाद बिहारातलं, याच रस्त्यावरचं.

“अभी एक बार देख लूँ, चाचा?”

चाचा ब्रश पुसत बाजूला होतात. ड्रायव्हर मफलर मागे टाकतो, डाव्या चाकापाशी वाकतो आणि पहिल्या नटापासून सुरुवात करतो.